अर्जात धर्म लपवू नका



७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. तोच विद्यार्थी पुढे बॅरिस्टर व घटनेचा शिल्पकार झाला. आज आपल्या मुलामुलींसाठी साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला आणि सांगलीत न. स. सोटी ही विधी महाविद्यालये आहेत. तेथे जाण्याचा मार्ग राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून जातो.

परीक्षेच्या अर्जात ‘बौद्ध’ लिहिले तर सवलत जाईल, ही भीती अनेक घरांत आहे. ती टाकून द्या. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क कायद्याने दिले आहेत. मात्र कागदावाचून हक्क सिद्ध होत नाही. जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र यांची तजवीज परीक्षेपूर्वीच करा. निकालानंतर धावपळ केल्यास मिळालेली जागाही हातची जाते. सर्व कागदांवर नाव एकसारखे असावे.

प्रश्न मराठीतूनही असतात, परंतु इंग्रजीचा विभाग कोणालाही टळत नाही. त्याचा अभ्यास रोज करा.

धर्म आपण उघडपणे स्वीकारला आहे. तो अर्जातही उघडपणेच लिहा.

जय भीम!