फुगीर वण आणि घरचे उपाय



कान टोचल्यावर पाळीवर उठलेली गाठ असो वा तव्याच्या चटक्याचा जाड वण, त्याची पहिली चिकित्सा आपल्या घरांत स्वयंपाकघरातच होते. त्यास आमचा आक्षेप नाही. मात्र वणाची जात ओळखणे अगत्याचे आहे. जखमेच्या मर्यादेत उंचावलेला वण बहुधा वर्षा-दोन वर्षांत आपसूक बसू लागतो, आणि श्रेय कांद्याच्या रसास मिळते! मर्यादा ओलांडून पसरणारी गाठ, म्हणजे केलॉइड, अशी सहसा जात नाही.

जखम पूर्ण भरल्यावर खोबरेल तेलाने हलके चोळावे. गुण मुख्यत्वे बोटांच्या दाबाचा व ओलाव्याचा. सिलिकॉनची पट्टी याहून उपयोगी. पण ती रोज बारा तास तरी, कित्येक महिने लावावी लागते. लिंबू चोळून उन्हात गेल्यास कातडी पोळते.

बिब्ब्याविषयी मात्र कळकळीने सांगतो. हरेलीला येथील शेतकरी ज्याची डहाळी शेतात रोवतात, तो भेलवा म्हणजेच आपला बिब्बा. त्याचे तेल कातडी जाळते. आणि केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या अंगावर प्रत्येक नवी जखम नव्या गाठीस निमंत्रण देते. नुसती कापलेली गाठही बहुधा परत येते, कधी पूर्वीहून मोठी. लग्न तोंडावर आले म्हणून मुलीच्या वणावर असले प्रयोग करू नयेत. वण खाजत वा वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठीत स्टेरॉइडची सुई काही आठवड्यांच्या अंतराने देतात. रायपुरात २०१२ पासून एम्सही आहे. त्याआधीचे आंबेडकर रुग्णालय तर आपल्या परिचयाचेच.