निष्ठा खेळाडूची, गल्ला कॉलेजचा

१९३७ साली आरकेओ कंपनीचा ‘सॅटर्डेज हीरोज’ हा हॉलिवूडचा बोलपट आला. गोष्ट कॉलेजच्या फुटबॉलची. चेंडू हातात घेऊन धावण्याच्या अमेरिकन फुटबॉलची. व्हॅन हेफ्लिनने रंगवलेला व्हॅल वेबस्टर हा संघाचा हुकमी एक्का. मैदान भरते, तिकिटांचा गल्ला कॉलेज नेते आणि खेळाडूने मात्र संघनिष्ठेवर पोट भरायचे! वाट्याला आलेली तिकिटे विकण्यावरून प्रकरण होते, व्हॅलला बाहेर पडावे लागते. तो दुसऱ्या कॉलेजला सांगतो, खेळाडूंना द्यायचे ते उघडपणे द्या.

आम्हाला चित्रपटाचे मोल इथे वाटते. त्याचा विरोध निष्ठेला नाही, निष्ठेच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याला आहे.

२०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियनसाठी मतदान केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २०१५ मध्ये प्रकरणात पडायलाच नकार दिला. मते मोजलीच गेली नाहीत. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. कामगाराचा दर्जा मात्र त्या तडजोडीने दिला नाही. पैसा मिळणे आणि हक्क मिळणे, यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.