आपल्याच माणसांत एकटे



ख्रिस्ती माणसाने सोबत्यांच्या दडपणाला न जुमानता नीतीचा निर्णय कसा घ्यावा, हा आजचा विषय ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे रोमन सम्राटांची रंगणे आणि हुतात्म्यांची परंपरा उभी राहिली असेल. परंतु मला या विषयाच्या अधिक जवळची वाटते ती शुभवर्तमानातील पेत्राची कथा, कारण गेथशेमानेच्या बागेत तरवार उपसणारा हा पुरुष त्याच रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात, विस्तवाभोवती शेकत बसलेल्या मंडळींत, एका दासीच्या साध्या प्रश्नापुढे गडबडला आणि आपला येशूशी काही संबंध नाही असे तीन वेळा सांगून बसला. त्याला कोणी बेड्या घातल्या नव्हत्या. चारचौघांत उघडे पडण्याचे भय तेवढे होते, आणि ते पुरेसे ठरले.

पेत्राच्या भोवतीची माणसे निदान परकी होती. ती आपलीच, आपल्या हिताची, आपल्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करणारी असली म्हणजे प्रसंग किती अवघड होतो, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. त्यांच्या धर्मांतराने महाराष्ट्रात जे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. त्यानंतर त्यांना आपल्या नव्या धर्मबांधवांशी जो झगडा करावा लागला, त्याची आठवण मात्र आपण फारशी ठेवलेली नाही.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचविशीचे, पती निवर्तलेले, ऐकू कमी येत असल्याने वैद्यक शिकण्याची वाट बंद झालेली, आणि बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच परदेशात आत्महत्या केलेली. अशा स्थितीत अन्न, निवारा आणि माया ही तिन्ही ज्यांनी दिली त्या वाँटेजच्या मठभगिनी चर्च ऑफ इंग्लंडच्या शिस्तीत मुरलेल्या होत्या, आणि धर्मपुत्रीने चर्चच्या शिकवणुकीपुढे नम्रपणे मान तुकवावी, अशी त्यांची, विशेषतः धर्ममाता भगिनी जेराल्डीन यांची, सद्भावपूर्वक अपेक्षा होती. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई शिकू आणि शिकवू लागल्या तेव्हा उभयतांमध्ये जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना मन थक्क होते. त्रैक्याचे तत्त्व केवळ चर्च सांगते म्हणून मी कसे मान्य करू, अथानासियसच्या मतांगीकाराला माझ्या बुद्धीची साक्ष मिळत नसता मी होकार कसा देऊ, पुरोहितांच्या एका जोखडातून नुकतीच मोकळी झालेली मी दुसरे जोखड मानेवर कशी घेऊ, असे प्रश्न त्या विचारीत होत्या. आणि हे प्रश्न विचारीत असताना त्यांची चिमुकली मुलगी त्याच भगिनींच्या हाती होती, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

लहान लहान बाबतींतही त्यांनी सक्ती चालू दिली नाही. अंडे घातलेला पदार्थ त्या खात नसत. हा जातीचा अभिमान आहे असा ठपका आला तेव्हा, एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन आपल्या चालीरीती राखते तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल काय, असा त्यांचा सवाल होता. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही प्रश्न त्यांचाच. त्यांनी इंग्रज पुरुषांना शिकवावे की नाही, यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी प्रतिकूल मत दिले, तेव्हा आपल्या वर्तनाबद्दल परस्पर मसलत करण्याचा अधिकार यांना कोणी दिला, म्हणून त्या संतापल्या. जेवणाचे पान आणि गळ्यातला क्रूस या गोष्टी काहींना क्षुल्लक वाटतील. मला तशा वाटत नाहीत, कारण ज्याला ताटावरचा आग्रह नाकारता येत नाही, त्याला मोठ्या प्रसंगी नकार उच्चारता येईल, हा भरवसा कोणी धरावा?

हा निव्वळ हट्ट नव्हता का, असे कोणी विचारील, आणि भगिनी जेराल्डीन यांना तो तसाच वाटला. माझा निर्णय वेगळा आहे. हट्टी माणूस उत्तर शोधण्याचे कष्ट घेत नाही. रमाबाई आयुष्यभर ते घेत राहिल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला त्यांनी शेवटची वर्षे वाहिली, आणि आपल्या नकाराची किंमत दुसऱ्याच्या नावे मांडली नाही.

त्या किमतीचा खरा तगादा 1893 मध्ये पुण्यात आला. 1889 साली मुंबईत उघडलेले आणि पुढे पुण्यास हलविलेले शारदासदन विधवा मुलींसाठी होते. धर्माची सक्ती नाही आणि मनाईही नाही, ही त्याची अट. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपखुशीने येऊन बसत. सल्लागार मंडळातील रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या थोर सुहृदांना हे गैर वाटले. त्यांची बाजू पोकळ नव्हती, कारण पालकांनी मुली विश्वासाने स्वाधीन केल्या होत्या. तथापि आपल्याच खोलीचे दार लावून घेण्यास रमाबाईंनी नकार दिला. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक मुलींना पालकांनी काढून नेले, आणि सदन तरीही चालू राहिले.

आज आपल्या ख्रिस्ती घरांत इतके मोठे प्रसंग क्वचित येतात. लग्नघरी भोवतालचे सगळे आग्रह करीत असताना दारूचा पेला खाली ठेवणारा तरुण, कचेरीत वरकमाईची वाटणी टेबलावर आली असता आपला वाटा परत सरकविणारा कारकून, हुंड्याची बोलणी चालू असताना मध्येच उठून उभी राहणारी मुलगी, हे मात्र आपल्या पाहण्यात असतात. आणि त्यांना पहिला टोला बहुधा परक्याचा बसत नाही, तो घरच्या वडीलधाऱ्यांचा बसतो.

म्हणून माझी विनंती तरुणांपेक्षा येथे बसलेल्या आईबापांना आणि धर्मगुरूंना आहे. तुमच्या घरातले, तुमच्या मंडळीतले मूल जेव्हा सर्वांदेखत 'हे मला पटत नाही' असे म्हणेल, तेव्हा त्याची कैफियत शेवटपर्यंत ऐकून घ्या, आणि लोक काय म्हणतील हा प्रश्न निदान तुम्ही त्याला विचारू नका.