दान, करार आणि १८६६ चा कायदा



आपल्या मुलामुलींपैकी बरेच जण आता कायदा शिकत आहेत, म्हणून आज आपण अमेरिकेतील एका दिवाणी दाव्याचा विचार करणार आहोत. तेथे जिल्हा न्यायालयांच्या वर तेरा केंद्रीय अपील न्यायालये आहेत. सर्वोच्च न्यायालय मोजकीच प्रकरणे सुनावणीस घेते. त्यामुळे बहुतेक पक्षकारांना अपील न्यायालयाचा शब्द हाच शेवटचा ठरतो.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, पण मुक्त झालेल्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने करार करायला गोरे तयार नव्हते. म्हणून १८६६ साली अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून नागरी हक्क कायदा झाला. करार करण्याचा जो हक्क गोऱ्या नागरिकाला, तोच सर्वांना, हा त्याचा आशय. पुढे १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, हा कायदा खाजगी करारांनाही लागू आहे आणि गोरी व्यक्तीही त्याचा आधार घेऊ शकते.

अटलांटा येथील फिअरलेस फंड ही कृष्णवर्णीय स्त्रियांनी २०१९ साली काढलेली संस्था. त्यांच्यासारख्या स्त्रियांच्या उद्योगांना मिळणारे भांडवल एकूण भांडवलाच्या एक टक्काही नसते. म्हणून फंडाने केवळ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहान उद्योगांसाठी स्पर्धा ठेवून प्रत्येकी २०,००० डॉलरची अनुदाने देऊ केली. ऑगस्ट २०२३ मध्ये एडवर्ड ब्लूम यांच्या संघटनेने दावा लावला, तोही १८६६ च्या याच कायद्याखाली! (हार्वर्ड विद्यापीठातील प्रवेशाचे प्रकरण जिंकणारी संघटनाही ह्याच गृहस्थांची.)

फंडाचे म्हणणे, हे दान आहे, दानातून आम्ही आमचा विचार मांडतो. जिल्हा न्यायाधीशांना ते पटले. परंतु स्पर्धेच्या छापील नियमांत मोठ्या अक्षरांत एक वाक्य होते: भाग घेणारा हे नियम मान्य करतो आणि हे नियम म्हणजे करार आहे. शिवाय विजेतीने आपले नाव, छायाचित्र आणि उद्योगाची कल्पना प्रसिद्धीसाठी वापरू द्यायची होती. म्हणजे देणेही आले, घेणेही आले. दावा लागल्यावर फंडाने ते वाक्य काढले, पण उपयोग झाला नाही. आपल्या संस्थांचे शिष्यवृत्तीचे अर्ज दुसऱ्या कोणाचे पाहून छापले जातात, त्यातल्या अटी कोण वाचतो?

३ जून २०२४ रोजी अकराव्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने स्पर्धेला अंतरिम मनाई केली. इतर वंशांच्या लोकांना दार पूर्ण बंद आहे, म्हणून हा उपाययोजनेचा कार्यक्रम ठरत नाही, असे बहुमत म्हणाले. न्यायमूर्ती रॉबिन रोझेनबॉम यांनी वेगळे मत दिले. दावा करणाऱ्यांची खरी हानी झालेलीच नाही असे सांगून त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर मुद्दाम लोळण घेणाऱ्या खेळाडूंची उपमा दिली. विद्यार्थ्यांनी हे हरलेले मतही मुळातून वाचावे. आम्हांला तेच अधिक सरळ वाटते.

समतेच्या कलमानेच सवलत अडविली जाण्याचा प्रसंग आपल्याकडे १९५१ सालीच आला. मद्रासच्या चंपकम दोराईराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जातवार प्रवेशाचा आदेश रद्द केला. त्याच वर्षी, बाबासाहेब कायदामंत्री असताना, पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये चौथे पोटकलम आले आणि मागासवर्गांसाठी खास तरतूद करण्याचा शासनाचा अधिकार शब्दांत लिहिला गेला. १८६६ च्या कायद्यात असे काही लिहिलेले नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोड होऊन फंडाने स्पर्धा कायमची बंद केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले नाही, त्यामुळे हा निकाल जॉर्जिया, फ्लोरिडा आणि अलाबामा या तीन राज्यांतील न्यायालयांवरच बंधनकारक राहिला. नवव्या अपील न्यायालयाने तर २००६ साली हवाई बेटांवरील कामेहामेहा शाळांचे मूळ हवाईयन मुलांना प्राधान्य देण्याचे धोरण याच कायद्याखाली आठ विरुद्ध सात मतांनी वैध ठरविले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्लूम यांच्या संघटनेने त्या शाळांवरही दावा लावला आहे.