आवाज गेला म्हणजे सेट गेला असे नाही

परळ-लालबागच्या चाळींत सत्तर-ऐंशीच्या दशकात कोणी बोनसमधून, कोणी आखातातल्या भावाच्या पैशांतून स्टिरिओ घेतला. काही घरांत तो अजून कपाटावर आहे. तक्रार बहुधा एकच. गाणे चालू असताना एका बाजूचा आवाज मध्येच जातो आणि खोक्यावर थाप मारली की परत येतो. मुले म्हणतात, भंगारात द्या.

थांबा. थापेने परत येणारा आवाज ही चांगली खूण आहे. एखादा भाग पार जळला असता तर थापेने जिवंत झाला नसता. बहुतेक वेळा कुठेतरी जोड कच्चा झालेला असतो, एवढेच.

आधी दोषाचे ठिकाण शोधा. सेट बंद करून मागच्या स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. मुका स्पीकर मुकाच राहिला तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या वायरीत. दुसरा मुका झाला तर स्पीकर निर्दोष. मग वायरी पूर्ववत लावून टेपडेककडून येणाऱ्या दोन पिना उलट लावा. मुकी बाजू बदलली तर दोष डेकमध्ये किंवा त्याच्या वायरीत, नाही तर ॲम्प्लिफायरमध्ये.

आपल्या मुंबईची हवा दमट आणि खारी. बटणांच्या आतल्या धातूवर गंज आणि मळ चढतो. प्लग काढून आवाजाचे बटण आणि प्रत्येक खटका वीस-तीस वेळा पुढे-मागे करा. ‘टेप मॉनिटर’चा खटका विसरू नका. तो चुकून दाबला गेला असेल तर चांगला सेटही गप्प बसतो. याने भागले नाही तर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. रॉकेल किंवा खोबरेल मात्र घालू नका.

काही सेट चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ आवाज येतो. तो स्पीकरचे रक्षण करणाऱ्या रिलेचा. हळू आवाजात एक बाजू जाते आणि मोठा केला की परत येते, तर रिलेचे टोक काळवंडलेले असण्याचा संभव मोठा. सेट तापल्यावर आवाज जात असेल तर कच्चा डाख किंवा जुना कपॅसिटर तपासायला सांगा. पण खोके स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते.

माझ्या ओळखीच्या एका गिरणी कामगाराने १९८२च्या संपात घरातली भांडी विकली, सेट ठेवला. पुढे त्यावर एक कॅसेट वाजे. बायकोने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्या मुलीने टेप केलेल्या. बायको गेली आणि काही वर्षांनी सेट ओवीच्या मध्येच गप्प होऊ लागला. मुलाने भंगारवाल्याला बोलावलेही होते. एका जुन्या कारागिराने रिले बदलला आणि ओवी शेवटपर्यंत ऐकू आली. बाकी सेटला काही झालेच नव्हते.

असे कारागीर आता थोडे उरलेत. त्यांच्याकडे जाताना आवाज केव्हा जातो, कोणत्या बाजूचा, कशाने परत येतो, हे कागदावर लिहून न्या. त्यांचे निम्मे काम तिथेच होते. आणि हे सगळे करून पाहिल्यावरच भंगारवाल्याला हाक मारा.