आंब्याची चौकशी

मुलुंडच्या आमच्या एका कामगाराचा पोरगा आंबा चोखून खाई. दोन दिवसांनी ओठांभोवती पुरळ येई. बापाने उसने काढून रक्त तपासले. कागदावर केळेही निषिद्ध ठरले, जे पोरगा रोज सुखाने खात होता! रक्तात आयजीई आढळणे, किंवा फळाचा रस टोचल्यावर १५-२० मिनिटांत ३ मिलिमीटरची गांध उठणे, हा पुरावा खरा. पण खाऊन त्रासच होत नसेल तर तो निवाडा नव्हे. (चौकशीवाचून शिक्षा आम्ही कारखान्यातही कधी मानली नाही.) इथे दोष आंब्याच्या चिकाचा होता, बिब्बा उततो त्यातलाच प्रकार. तो या दोन्ही तपासण्यांत सापडत नाही. पॅच टेस्टची पट्टी ४८ तास पाठीवर ठेवावी लागते. खाताच घसा आवळत असेल तर मात्र घरी प्रयोग नको, तडक इस्पितळ गाठावे. पोरगा आता धुऊन सोललेल्या आंब्याच्या फोडी खातो, केळीही.