घरातला खोकला, गोठ्यातला खोकला



माझ्या सासूबाई तीन महिने खोकत होत्या. चुलीच्या धुराने होत असेल, म्हणून मी आल्याचा काढा देत राहिले. थुंकी तपासली तेव्हा क्षय निघाला. औषधाने त्या बऱ्या झाल्या. पण तोवर माझ्या मुलालाही लागण झाली होती. ही चूक माझी. तुमच्या हातून ती होऊ नये, म्हणून उभी राहिले आहे.

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधून काढले. ते खोकल्याबरोबर उडतात आणि कोंदट हवेत तरंगत राहतात. धुराने छाती आधीच कमजोर होते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, खोकताना तोंडावर पदर धरावा.

गुरांनाही क्षय होतो आणि कच्च्या दुधातून तो माणसाला लागू शकतो. दूध उकळूनच प्यावे. गोठा कोरडा, वाऱ्याचा असावा. पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस टोचून घ्यावी. त्या रोगात जनावराचा श्वासच कोंडतो.

दोन आठवडे खोकला राहिला, तर थुंकी तपासावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये. आजाराची लाज धरू नये. लपवला की तो घरभर होतो.